बांध, उघाडी आणि बारावीनंतरचा फोन

कोकणात मुलाच्या हातात स्वतःचा फोन येण्याचा मुहूर्त बऱ्याच घरांत ठरलेला असतो: बारावीचा निकाल. तोवर घरात एकच स्मार्टफोन, तोही आईचा, आणि त्याचा पासवर्ड रोज बदलणारा. कोकण विभागीय मंडळाचा निकाल वर्षानुवर्षे राज्यात पहिला लागतो. त्यामागे शिक्षकांची मेहनत आहे, तशी घराघरांतली ही कडक राखणही आहे. मग निकाल लागतो, मुंबईचा काका नाहीतर बाबाच नवा हँडसेट घेऊन येतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर मुलगा पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात, निदान रत्नागिरीत खोली घेऊन राहायला जातो. अठरा वर्षांत ज्याने फोनबद्दल एकही निर्णय स्वतः घेतलेला नाही, त्याच्यावर आता दिवसरात्र तेच निर्णय घ्यायची वेळ येते. दिवाळीला तो घरी आला की आई म्हणते, "हा आमचा राहिलाच नाही, सारखा त्या मोबाईलात."

इथून घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, लाडावून ठेवलात. काका म्हणतो, इतकी वर्षं दाबून ठेवलंत, आता सुटलाय. हा वाद ओटीवर जितका जुना आहे तितकाच मानसशास्त्रातही जुना आहे, आणि तिथे त्याचं थोडं मोजमाप झालेलं आहे.

आधी व्यसन कशाला म्हणायचं ते बघू, कारण हा शब्द आपण फार सैल वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. सोशल मीडियाचं व्यसन असा वेगळा आजार त्यात नाही. संशोधक ते मोजतात बहुतेकदा नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठात तयार झालेल्या सहा प्रश्नांच्या मोजपट्टीने. प्रश्न साधे आहेत. हातात फोन नसतानाही डोक्यात तेच चालू असतं का? पूर्वीपेक्षा जास्त जास्त वेळ हवासा वाटतो का? मनातला त्रास विसरायला तिकडे वळता का? कमी करायचं ठरवून जमलं नाही, असं होतं का? मनाई झाली तर अस्वस्थ होता का? अभ्यास-कामाचं नुकसान होण्याइतका वापर होतो का? मागचं वर्षभर डोळ्यांसमोर आणून प्रत्येकाला १ (फारच क्वचित) ते ५ (फार वेळा) गुण द्यायचे. बेरीज ६ ते ३० मध्ये येते. हंगेरीतल्या किशोरवयीन मुलांवरच्या २०१७ च्या अभ्यासात १९ आणि त्यापुढचे गुण धोक्याचे मानले होते. ही चाळणी आहे, निदान नव्हे.

या सहांत "दिवसाला किती तास" हा प्रश्नच नाही. घरात मात्र सगळी भांडणं तासांवरून होतात. तारकर्लीत होमस्टे चालवणारी पोरगी सीझनला दिवसाचे पाच तास इन्स्टाग्रामवर असते. तिथूनच तिचं बुकिंग येतं. देवगडचा आंबेवाला एप्रिलभर व्हॉट्सॲपवर पेट्यांच्या ऑर्डरी घेत असतो. मे संपला की दोघांचे फोन गप्प होतात आणि त्यांना काही वाटत नाही. उलट दिवसाला दीडच तास बघणारा एखादा मुलगा त्या दीड तासासाठी परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागतो. घड्याळ बघायचं, तर किती वाजता हे बघावं. किती तास हे नंतर. आणि सहापैकी तिसऱ्या, मनातला त्रास विसरण्याच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त थांबावं असं माझं मत आहे. घराचा आणि फोनचा संबंध तिथेच लागतो.

फोन धरून का ठेवतो, हे कोकणातल्या माणसाला समजवायला फार लांब जावं लागत नाही. जेटीवर गळ टाकून गरवायला बसलेल्या माणसाकडे बघा. दर दहा मिनिटांनी नेमानं एक शेंगटी लागली असती तर तो चार मासे घेऊन घरी गेला असता. अख्ख्या दुपारी काही लागलं नसतं, तरी उठला असता. पण कधी दोन मिनिटांत लागतं, कधी तासभर काही नाही, आणि मध्येच एकदा मोठी तांबोशी येते. म्हणून तो उठत नाही. बक्षीस अनियमित मिळालं की वागणूक सगळ्यात चिवट होते, हे स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर कबुतरांवर दाखवलं होतं. रील्सचं बोट वर सरकवणं ही तीच गरी आहे. फरक इतकाच की इथे भरती-ओहोटी नाही आणि काळोखही पडत नाही. भारतात जून २०२० च्या शेवटी टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. २०१६ पासून डेटा स्वस्त झालेलाच होता. पूर्वी रेंजसाठी सड्यावर चढून जावं लागायचं, तो चढ हाच एक आपोआप लागणारा ब्रेक होता.

पण गरी सगळ्यांसमोर सारखीच आहे. काही जण अडकतात, काही नाही. घराचा प्रश्न इथे येतो.

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांनी पालकांच्या वागण्याचे तीन प्रकार मांडले. १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी ते दोन अक्षांवर बसवले: माया किती आणि धाक किती. माया आणि धाक दोन्ही असलेलं घर, नुसत्या धाकाचं, नुसत्या लाडाचं, आणि दोन्ही नसलेलं बेफिकीर घर, असे चार प्रकार झाले. समाजमाध्यमांवरच्या अभ्यासांत साधारण चित्र असं दिसतं की पहिल्या घरातली तरुण मुलं कमी अडकतात. धाकाच्या, लाडाच्या आणि बेफिकीर घरांतली जास्त.

खाडीकाठच्या माणसाला हे खारबंदिस्तीवरून, म्हणजे खारं पाणी अडवायला शेताभोवती घातलेल्या बांधावरून, लगेच कळेल. बांध नसला तर उधाणाचं खारं पाणी शेतात येतं आणि जमीन काही वर्षांसाठी हातची जाते. ते लाडाचं घर. पण नुसता बांध घालूनही भागत नाही. पावसाचं पाणी आत साचतं, भात कुजतं आणि बांध आतून फुगून एखाद्या रात्री खांड पडते. म्हणून बांधाला उघाडी, म्हणजे झडपेचं दार, ठेवतात. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. बाहेरचं अडवायचं आणि आतलं बाहेर जाऊ द्यायचं, ही दोन्ही कामं एकाच बांधाची. धाकाच्या घरात बांध भक्कम असतो, उघाडी नसते. बारावीपर्यंत पाणी दिसत नाही, कारण ते आत साचत असतं.

धाक म्हणजे नेमकं काय, यावर संशोधनातलं एक कामाचं वर्गीकरण आहे आणि ते घरोघरी माहीत असायला हवं. ब्रायन बार्बर यांनी १९९६ मध्ये वागण्यावरचं नियंत्रण आणि मनावरचं नियंत्रण यांत फरक केला. "रात्री दहानंतर फोन माजघरात" हे वागण्यावरचं. नियम सगळ्यांना दिसतो, त्यावर वाद घालता येतो, तो पाळला की विषय संपतो. "तुझ्यासाठी बाबा बोटीवर राबतायत आणि तू हे बघत बसतोस" हे मनावरचं. त्यात नियम नाहीच, अपराध आहे, आणि तो कशाने फिटेल हे कोणी सांगत नाही. चार दिवस न बोलणं, शेजारच्या पोराशी तुलना, "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणून मुलाची भावनाच खोडून काढणं, हे सगळं याच खात्यातलं. फोनच्या अतिवापराशी ज्याचं नातं जुळतं ते मुख्यत्वे हे दुसरं नियंत्रण. कारण सरळ आहे. अपराधाची बोच घेऊन मुलगा खोलीत जातो. ती बोच दहा मिनिटं थांबवायचं सगळ्यात स्वस्त साधन त्याच्या हातात असतं. मग फोन बघितल्याचा नवा अपराध जमा होतो. डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ माणसाच्या तीन मूळ गरजा सांगतात: आपलं आपण ठरवता येणं, काहीतरी नीट जमणं, आणि कुणाचं तरी असणं. घरात या तिन्हींची तूट असली तर फोन तिन्ही पुरवण्याचा आव आणतो. कोणाला फॉलो करायचं ते माझं मी ठरवतो, लाइक मोजता येतात, आणि ग्रुपवर रात्री एक वाजताही कोणीतरी जागं असतं.

इथे एक खबरदारी. परदेशी प्रश्नावल्या जशाच्या तशा मराठीत आणल्या तर मालवणी घरं सगळी धाकाच्या रकान्यात जातील. "मेल्या, खय होतंस इतको येळ?" ही ओरड आहे की माया, हे ऐकणाऱ्या पोराला पक्कं कळतं, प्रश्नावलीला कळत नाही. रूथ चाओ यांनी १९९४ मध्ये चिनी कुटुंबांबद्दल हाच मुद्दा मांडला होता: अमेरिकेत जो कडकपणा थंड वाटतो, तोच दुसऱ्या समाजात काळजीचा भाग असू शकतो. म्हणून आवाज किती चढतो यावरून घर जोखू नये. ओरडून झाल्यावर त्याच पोराला पानावर बसवून बांगड्याचा मधला तुकडा वाढला जातो का, ते बघावं.

लाडाच्या घराबद्दल फार लिहायला नको. मागेल ते मिळालं की नाही म्हणायची सवय होत नाही, इतकंच. कोकणातला खरा पेच दूर असलेल्या बापाचा आहे. तो मुंबईत असतो, आखातात असतो, मर्चंट नेव्हीत सहा-आठ महिने बोटीवर असतो. दूर असणं म्हणजे बेफिकिरी नव्हे, हे आधी स्पष्ट म्हणायला हवं. दोन हजार किलोमीटरवरून मुलाच्या आयुष्यात पुरेपूर हजर असणारे बाप आहेत आणि शेजारच्या खुर्चीत बसून गैरहजर असणारेही. गडबड होते ती भरपाईची. गणपतीला बाबा येतो, दहा दिवसांत वर्षाची माया उरकायची असते, म्हणून महागडा फोन आणतो. नियम लावायचं काम आईवर, ते मोडायचं बाबांकडे, आणि आजी मधल्या मध्ये हॉटस्पॉट देते. मुलाला यातून एवढंच कळतं की नियम माणसागणिक बदलतो. मोठ्या माणसांनी आधी आपसात एकच नियम ठरवावा, तो कितीही छोटा असो.

दुसरी चूक पाळतीची. मुलाचा पासवर्ड घेणं, लोकेशन बघणं, बहिणीला त्याच्या स्टोऱ्या बघायला सांगणं. स्वीडनमध्ये स्टॅटिन आणि केर यांनी १४ वर्षांच्या मुलांवर केलेला २००० सालचा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. मुलांबद्दल ज्या पालकांना जास्त माहिती असते त्यांची मुलं कमी भरकटतात, हे आधीपासून ठाऊक होतं आणि त्याचं श्रेय देखरेखीला दिलं जायचं. या दोघांनी विचारलं की ही माहिती पालकांकडे येते कुठून? उत्तर आलं की मुख्यतः मुलं स्वतःहून सांगतात त्यातून. विचारपूस आणि पहारा यांचा वाटा त्यामानाने कमी होता. वीस वर्षांच्या मुलावर पाळत ठेवली तर दुसरं अकाउंट निघतं. पहिल्यावर गणपतीचे फोटो आणि आत्याच्या कमेंटी, दुसऱ्यावर खरं आयुष्य. पालक पहिलं बघून निश्चिंत असतात.

एवढं सगळं मांडून झाल्यावर प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की हे संबंध फार दणकट नाहीत. बहुतेक अभ्यास एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहेत, त्याही कॉलेजच्या मुलांनी स्वतःबद्दल आणि आईबापांबद्दल भरलेल्या. घर कडक म्हणून मुलगा फोनमध्ये गेला, की मुलगा फोनमध्ये गेला म्हणून घर कडक झालं, हे त्यातून सुटत नाही. दोन्ही होत असावं. नैराश्य, चिंता, एकटेपणा यांचा वाटा वेगळाच. त्यामुळे "आमचं चुकलं म्हणून" असं कपाळ बडवून घेण्यात अर्थ नाही.

आता करायचं काय. बारावीची परीक्षा मार्चच्या आसपास संपते आणि कॉलेज जून-जुलैत उघडतं. या मधल्या तीन महिन्यांइतकी चांगली संधी दुसरी नाही, आणि ती सर्रास वाया जाते. फोन द्यायचाच आहे तर निकालाची वाट न बघता परीक्षा संपल्याच्या आठवड्यात द्यावा, मुलगा अजून आपल्या छपराखाली असताना. पहिले दोन आठवडे तो पहाटेपर्यंत बघेल. बघू द्यावं. सकाळी आंबे काढायला, पेट्या भरायला नेहमीच्या वेळीच उठवावं. झोप आणि काम यांची टक्कर त्याला स्वतःच्या अंगावर कळू द्यावी, आपण मध्ये भाषण घालू नये. तिसऱ्या आठवड्यात एकदाच विचारावं, "कसं चाललंय तुझं फोनचं? काही ठरवायचंय का?" त्याने जे ठरवलं ते आपल्याला अपुरं वाटलं तरी तेच पंधरा दिवस चालवावं, मग पुन्हा बसावं. नियम मोडला तर तो का मोडला हे विचारावं. मोडला याची शिक्षा करू नये. त्याआधीची तयारी नववी-दहावीपासून करता येते. फोन घरचाच, पण वापराची अर्धा तासाची वेळ मुलाने निवडायची आणि पाळायची.

मुलगा किंवा मुलगी आधीच वसतिगृहात असेल आणि त्यांनाच कमी करायचं असेल, तर क्रम असा असावा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही. फोन किती वेळा उघडला (हे फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये दिसतं) आणि रात्री शेवटचं ॲप कोणतं बघितलं, एवढं रोज वहीत उतरवायचं, आणि शेजारी तेव्हा मन कसं होतं ते एका शब्दात: कंटाळा, भीती, एकटं. दुसऱ्या आठवड्यात कॉल आणि थेट आलेले मेसेज सोडून सगळी नोटिफिकेशन्स बंद, आणि रात्री फोन हात पोचणार नाही अशा बोर्डावर. गजरासाठी शे-दोनशे रुपयांचं घड्याळ घ्यावं, कारण "गजर लावायचाय" ही फोन उशाशी ठेवण्याची सगळ्यात लोकप्रिय सबब आहे. तिसऱ्या आठवड्यात वहीतला सगळ्यात जड तास निवडून तेवढाच बदलायचा. रात्री साडेदहाचा एकटेपणा असेल तर त्या वेळी खोलीबाहेर, माणसांत. पहिले काही दिवस चिडचिड होते, हात आपोआप खिशाकडे जातो. तलफ आली की ती बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढी काढायची.

फसतं ते असं. रविवारी रात्री तिरमिरीत सगळी ॲप्स उडवली जातात. सोमवारी प्रॅक्टिकलची सूचना ग्रुपवर येते ती चुकते. मंगळवारी सगळं परत, शिवाय "आपल्याच्याने होत नाही" ही खात्री जोडीला. ज्या वाईट वाटण्यातून फोनकडे वळायचं, त्यात अशा प्रयत्नाने भरच पडते. वायफाय बंद करणाऱ्या बापाचंही तेच होतं. पोराकडे रोजचा दीड-दोन जीबी डेटा असतो.

पालकांचं काम यात मुख्यतः फोनवरच्या बोलण्याचं आहे. आजचं सरासरी संभाषण असं असतं: "जेवलास?" "हो." "पैसे हवेत?" "नको." "अभ्यास कर." सव्वा मिनिटात संपलं. यात मुलाने सांगण्यासारखी जागाच नाही. आधी आपलं सांगावं. लावणी संपली, यंदा कोकमं कमी आली, विहिरीचा पंप जळला आणि रिवाइंडिंगला टाकलाय, गुडघा दुखतोय. ज्याला घरचं कळतं तो घराला कळवतो. आणि तो बोलायला लागला की मध्येच उपाय सांगायचा नाही. हे जमायला मुलांपेक्षा बापांना जास्त वेळ लागतो.

फोनबाहेरचीही चिन्हं दिसली तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नये. महिनाभर झोप उलटीपालटी, एकामागून एक विषय राहणं, जेवण टाकणं, ऑनलाइन जुगारातलं कर्ज, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोटो पसरवायची धमकी किंवा पैशांची फसवणूक असेल तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. जवळचं म्हणाल तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. त्याच्या नावाने एकमेकांना चिडवत आपल्या पिढ्या मोठ्या झाल्या, म्हणून तिथली पायरी चढायला माणूस घाबरतो. बाह्यरुग्ण विभागात जाऊन अर्धा तास बोलून परत येता येतं, हे घरातल्या मोठ्यांनी आधी स्वतःला पटवलेलं बरं.

गणपतीत मुलगा घरी येईल तेव्हा पहिल्याच दिवशी हा विषय काढू नये. त्या दिवसांत फोन तसाही मागे पडतो. गणपतीच्या वरची माटवी बांधायची असते, आरतीला दहा घरं फिरायचं असतं, भजनाला टाळ कमी पडतात. त्याचं कौतुकही करू नये, "बघ, फोनशिवाय जमतं की" असं म्हटलं की त्याचा हात खिशात गेलाच म्हणून समजा. रात्री माजघरातल्या बोर्डावर आधी आपला फोन लावावा, बातम्या आणि यूट्यूब बंद करून, आणि पडवीत येऊन बसावं. तो आला तर सरकून जागा द्यावी. नाही आला तर उद्याही बसावं.